काढू नये, का ते विचारू नये

वर्षाची चटणी आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअर पॅकेजचा रिलीज एकाच आठवड्यात आला की माणसानं सरळ कोकणात निघून जावं असं माझं मत आहे, पण माझ्या मताला घरात आणि ऑफिसात सारखीच किंमत आहे. चटणीची तारीख आई ठरवते, रिलीजची तारीख पुण्यातले साहेब ठरवतात, आणि दोघंही ठरवून झाल्यावर मला सांगतात. यंदा एप्रिलचा दुसरा आठवडा निघाला. गच्चीवर सात किलो मिरची वाळत पडलेली, जिन्यातून नुसतं वर बघितलं तरी ठसका, आणि खाली मागच्या खोलीत मी चार मशीनचे चार काळे टर्मिनल उघडून बसलेलो, पंखा फुल्ल, तरी बनियन अंगाला चिकटलेलं.

काम काय ते आधी सांगतो, नाहीतर शेजारच्या काकांसारखं तुम्हालापण वाटायचं की हा दिवसभर घरात बसून गेम खेळतो. आमचं पॅकेज नदीच्या पाण्याचं गणित करतं. वर एवढा पाऊस पडला, धरणातनं एवढं पाणी सोडलं, तर खाली नदी किती चढणार आणि कधी. सांगलीच्या माणसाच्या वाट्याला हेच काम यावं ही गंमतच म्हणायची, कारण आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका हे आमच्याकडं पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही गावभागात राहायचो, घर सोडायच्या आधी मी माझा सीपीयू माळ्यावर टाकला आणि आईनं चटणीची बरणी टाकली, दोन्ही वाचलं, फ्रिज गेला. त्यानंतर विश्रामबागेत आलो आणि 2020 पासून इथल्याच मागच्या खोलीत ऑफिस आहे.

पॅकेजचं पोट फोर्ट्रानचं आहे. 1957 सालची भाषा, आईपेक्षा एका वर्षानं मोठी, आणि दोघींपुढं मी आवाज चढवत नाही. वरनं थोडा सी भाषेतला कोड आहे. हे सगळं माणसानं लिहिलेलं मशीनला कळावं म्हणून कंपायलर लागतो. हे मी काकांना एकदा दहा मिनिटं समजावून सांगितलं, दुभाष्या बिभाष्या सगळे दाखले दिले, काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते, रिटायर झालेत, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डंकच की लगा. वरनं मिरच्या टाकायच्या, खालनं चटणी." मी विचार केला आणि म्हणलं, हो. डंकच.

आता डंकावर डबा देताना बाई सांगते ना, की बारीक पाहिजे का जाड, खोबरं शेवटी टाका, हळकुंड आधी फोडून घ्या, ते सांगणं म्हणजे कॉन्फिग फाईल. कुठला कंपायलर, त्याला कुठले फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, द्यायचे, तयार कोडची लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये बसलीय. चाळीस पन्नास ओळींची फाईल असते, दिसायला गरीब. पण मिरची कितीही चांगली आणा, सांगण्यात एक शब्द चुकला तर वर्षभर घरात त्यावरनं बोलणी.

मशीन चार, कारण क्लायंट चार. टीममध्ये आम्ही नावं ठेवलीत. आजोबा म्हणजे सेंटओएस 7 ही ऑपरेटिंग सिस्टीम, त्यात जीसीसी नावाचा कंपायलर, व्हर्जन 4.8.5. ह्या सेंटओएसचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, म्हणजे कागदोपत्री आजोबा गेले, पण क्लायंट दहाव्याला यायला तयार नाही, चालतंय की म्हणतो. थोरला म्हणजे उबुंटू 20.04, त्यात जीसीसी 9. मधला 22.04, जीसीसी 11. बारका 24.04, जीसीसी 13. आणि पॅकेजची चालू व्हर्जन तीन, कारण एक क्लायंट अजून 2.4 च्या पुढं यायला घाबरतो. चार त्रिक बारा. बारा कॉन्फिग फाईली.

बाराही एकाच फाईलच्या पोटातनं निघाल्यात. प्रत्येक वेळी कुणीतरी जवळची उचलली, कॉपी मारली, दोन ओळी बदलल्या, चाललं, आणि घरी गेला. असं दहा वर्षं. एका फाईलमध्ये लायब्ररीचा पत्ता सुधारला तर बाकीच्या अकरांना त्याचा निरोप जात नाही, सख्खे बारा भाऊ आहेत आणि वाटणीनंतर एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. एका फाईलचं नाव आहे ‘दिवाळीला-चाललेली’. कुठल्या दिवाळीला ते माहीत नाही. मी ती उघडून कधी बघितली नाही, पण काढूनपण टाकली नाही.

तर साहेबांचा फोन. "अरे, बारा कशाला पाहिजेत? एकच कॉन्फिग करा, सगळीकडं सेम. दोन दिवसांचं काम आहे."

साहेब लोकांचे दोन दिवस कुठल्या पंचांगात असतात देव जाणे.

पहिला अडथळा जुनाच होता. फोर्ट्रानवाल्या जुन्या लोकांची एक सवय असायची, एकाच फंक्शनला एका ठिकाणनं एक आकडा द्यायचा, दुसऱ्या ठिकाणनं आख्खी यादी द्यायची, आणि जुने कंपायलर गावातल्या पोलीस पाटलासारखे बघून न बघितल्यासारखं करायचे. 2020 च्या मे महिन्यात जीसीसी 10 आला आणि त्यानं हे खपवून घ्यायचं बंद केलं. डायरेक्ट एरर. आमच्या कोडमध्ये असल्या 214 जागा निघाल्या, मी मोजल्या, मोजून झाल्यावर चहा प्यायलो आणि परत मोजल्या, 214 च. आता एवढं कोण दुरुस्त करणार, म्हणून कंपायलरवाल्यांनीच एक पळवाट दिलीय, ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ नावाचा फ्लॅग. तो लावला की कंपायलर कुरकुर करतो पण काम करतो.

पण ही पळवाट 9 ला ठाऊकच नाही. तेव्हा ती नव्हतीच ना. म्हणजे मधल्याला आणि बारक्याला हा फ्लॅग नाही दिला तर ते रडतात, आणि आजोबांना नाहीतर थोरल्याला दिला तर ते म्हणतात हा कुठला ऑप्शन, आम्ही ओळखत नाही, आणि दार लावून घेतात. एकाला औषध ते दुसऱ्याला विष. सगळीकडं सेम म्हणे!

हे मी जेवताना बायकोला सांगत होतो. ती बँकेत आहे, तिला रोज ऐकायची सवय आहे. "काय नाव म्हणालात? अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच?" ती म्हणाली, "वाद जुळत नसला तरी चालवून घ्या, असंच ना? हा आपल्या घरात लावता येतो का?" मी म्हणलं बघायला पाहिजे. तिनं आतल्या खोलीकडं बघितलं, आई बातम्या बघत होती, आवाज खाली घेऊन म्हणाली, "नको पण. आई 9 च्या आधीच्या आहेत."

बरं, मग सरळ उपाय असा की कंपायलरचं व्हर्जन बघायचं आणि 10 किंवा पुढचा असला तरच फ्लॅग लावायचा. सोपंय. इतकं सोपं की असली एक व्हर्जन तपासणारी ओळ मी 2015 सालीच लिहून ठेवलेली, आणि तिच्यावर मी फार खूश होतो. ती ओळ व्हर्जनचा पहिला आकडा उचलते. 4.8 चा 4. 5 चा 5. 9 चा 9. झकास चाललं होतं. मग 10 आला. पहिला आकडा 1.

जीसीसीचं पहिलं व्हर्जन 1987 चं. म्हणजे जगातला सगळ्यात ताजा कंपायलर दारात उभा, आणि माझी स्क्रिप्ट त्याला म्हणतीय, कंपायलर फार जुना आहे, कृपया नवीन टाका. हे 2021 ला पुण्यातल्या एका नव्या पोराच्या लॅपटॉपवर घडलं. पोरगा आज्ञाधारक. त्यानं 11 टाकला. स्क्रिप्ट म्हणाली फार जुना आहे, नवीन टाका. तेव्हा 12 अजून बाजारात आलेला नव्हता, तर हा दीड महिना 12 ची वाट बघत थांबला आणि मला रोज स्टॅन्डअप मीटिंगला सांगायचा की सर, कंपायलरच्या अपडेटवर अडलंय. मी रोज ओके म्हणायचो! माझीच ओळ आहे हे मला दीड महिन्यानं कळलं आणि मी ते अजूनपर्यंत त्याला सांगितलेलं नाही.

तोच पोरगा आता सिनिअर झालाय आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. काहीही फुटलं, कुठंही फुटलं, क्लायंटच्या अंगणात धूर निघत असला तरी फोनवर शांतपणे म्हणतो, "सर, माझ्या मशीनवर चालतंय." मी एकदा चिडून म्हणलं मग तुझं मशीनच पार्सल करून पाठवूया का क्लायंटला, तर हसला आणि म्हणाला हल्ली तसंच करतात सर, त्याला कंटेनर म्हणतात. गप्प बसलो. आजोबांच्या क्लायंटकडं कंटेनरला परवानगी नाही, नाहीतर आख्ख्या लेखाची गरज पडली नसती.

त्यानं गुरुवारी मला त्याच्याकडचे फ्लॅग पाठवले. वर्डच्या डॉक्युमेंटमध्ये. टेबल काढून, रंग भरून, फार देखणं केलेलं. मी कॉपी केलं, फाईलमध्ये टाकलं, आणि कंपायलर म्हणाला अशी फाईल सापडत नाही. कुठली फाईल? मी फाईल मागितलीच नाही, मी फ्लॅग दिलाय. फ्लॅगच्या पुढं एक छोटी आडवी रेघ असते, त्या रेघेवरनंच कंपायलरला कळतं की हा फ्लॅग आहे. रेघ आहे. मला दिसतीय. बायकोला बोलवून दाखवली, तिलापण दिसतीय. साडेतीन तास गेले. शेवटी अक्षर न अक्षर सुटं करून बघितलं तेव्हा कळलं की वर्डनं आपल्या मनानं छोटी रेघ काढून तिच्या जागी जरा लांब रेघ बसवलीय, लिखाण सुंदर दिसावं म्हणून. कंपायलरच्या लेखी ती रेघच नव्हे, म्हणून तो त्या नावाची फाईल शोधत गावभर फिरत होता. कपाळावरची टिकली कुंकवाची का गंधाची एवढा फरक, आणि साडेतीन तास!

आणि ह्यात मेकफाईलचं, म्हणजे कंपायलरनं काय कुठल्या क्रमानं बांधायचं ते सांगणाऱ्या फाईलचं, तर मी अजून काढलंच नाही. तिथं कमांडच्या ओळीच्या सुरवातीला टॅबच पाहिजे, स्पेस चालत नाहीत, आणि दिसायला दोन्ही सारखंच, म्हणजे काहीच दिसत नाही. हे मेक नावाचं प्रकरण स्टुअर्ट फेल्डमन नावाच्या गृहस्थांनी 1976 ला बेल लॅब्समध्ये लिहिलं. टॅबची भानगड बरोबर नाही हे त्यांच्या थोड्याच आठवड्यांत लक्षात आलं होतं, पण तोपर्यंत डझनभर दोस्तमंडळी ते वापरायला लागली होती, त्यांना कशाला त्रास म्हणून राहू दिलं. डझनभर! आमची चटणी त्याहून जास्त घरात जाते. त्या बारा लोकांच्या भिडेखातर मी 2025 साली चष्मा पुसत टॅब मोजतोय.

शुक्रवारी संध्याकाळी आईनं चिठ्ठी काढली.

ही चटणीची चिठ्ठी म्हणजे एका जुन्या डायरीचं पान आहे, आजीच्या हातची सुरवात, मग आईचं अक्षर, मधे आत्याचं, तीन शाया, तेलाचे डाग. आजीनं मापं शेर आणि चिपट्यात लिहिलीत, त्याच्यापुढं आईनं किलोत लिहिलंय, पण सगळ्यांच्या पुढं नाही, जिथं अडलं तिथंच. ‘संकेश्वरी’ खोडून ‘लवंगी’ केलंय, कारण संकेश्वरी परवडायची बंद झाली, पण लवंगी जास्त तिखट म्हणून बेडगी वाढवली, बेडगी वाढवली म्हणून कांदा वाढवला, कांद्यानं ओल येते म्हणून तो जास्त तळायचा असं कडेला उभं लिहिलंय. खाली ‘हिंग 2 खडे’ आणि त्याच्यापुढं ‘वन्संना विचारणे’. वन्सं म्हणजे माझी आत्या, ती जाऊन सहा वर्षं झाली.

"मग आता हिंग कुणाला विचारतीस?" मी म्हणलं.

"कुणाला विचारायचं? दोन घालायचे."

"मग ते विचारणे खोडून टाक की."

"असू दे," आई म्हणाली. "तुझं काय जातंय?"

मी माझ्या खोलीत येऊन फाईल उघडली. ओळ 47. तिथं एक फ्लॅग आहे, ‘फ्लोट स्टोअर’, आणि शेजारी कमेंट, "काढू नये. का ते विचारू नये." बाराच्या बारा फाईलींत आहे ही ओळ. बाकी कशावर एकमत नाही पण ह्या ओळीवर बारा भावांचं एकमत. मी टीमच्या ग्रुपवर विचारलं की बाबांनो ही ओळ कशाला आहे, तर कमेंटमध्येच विचारू नये लिहिलंय असं उत्तर आलं, आणि दोन हसणारे अंगठे.

शनिवारी डंक. सकाळी आठला गेलो तरी पुढं अकरा डबे. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, आत मिरच्या, वर पुडीत गरम मसाला, आणि बाया पदर नाकाला लावून उन्हात बसलेल्या. रिलीज सोमवारी. म्हणून मी लॅपटॉप नेलेला, दुधाच्या पिशव्या कापून त्याला वरनं आवरण केलेलं, मोबाईलचं नेट लावून आजोबांच्या मशीनवर बिल्ड, म्हणजे आख्ख्या कोडची बांधणी, सुरू केलेलं. आत डंकाची धाडधाड, एकेका ठोक्याला पायाखालची फरशी हलतीय, हवेत तांबडी धूळ, आणि मी शिंकत शिंकत फोर्ट्रानच्या एरर वाचतोय. एका शिंकेत एंटर दाबला गेला. काय रन झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही, पण काही मोडलेलं दिसत नाही.

आजोबांकडं एक मधला मार्ग काढलेला. सेंटओएस 7 वर जुना 4.8 तसाच ठेवून शेजारी नवा 9 बसवता येतो. म्हणजे निदान आजोबा आणि थोरला एका पातळीवर. तर 9 लावून बिल्ड केलं आणि एरर आली की ही मॉड्यूल फाईल मी वाचू शकत नाही, ही वेगळ्या व्हर्जनच्या फोर्ट्राननं बनवलीय. फोर्ट्रान कंपायलर बांधणी करताना मधे मॉड्यूल फाईली तयार करून ठेवतो, आणि 4.8 च्या हातची फाईल 9 ला वाचता येत नाही. ठीक आहे, पण 4.8 आहे कुठं आता? मी सगळ्या कॉन्फिगमध्ये 9 केलंय. तीनदा बघितलं. कुठल्या व्हर्जननं बनवली तेपण एरर सांगत नाही, नुसतं वेगळी म्हणते, सोयरीक मोडताना देतात तसलं कारण.

एवढ्यात आमचा नंबर आला. डंकवाल्या काकूंनी डबा घेतला, मिरची चुरून बघितली, वाळलीय चांगली म्हणाल्या, आणि मग डबा बाजूला ठेवून उखळात मूठभर खडेमीठ टाकून चार ठोके दिले.

"हे काय करालाय काकू?"

"मगाचच्या बाईंची मिरची वलसर हुती. आत चिकटून बसल्या. ती साफ केल्याबिगर तुमची घातली तर तिची चव तुमच्यात उतरंल, आणि घरी जाऊन म्हणशीला डंकवालीनं बिघडवली."

मी तिथंच उभा राहिलो. मागची बाई म्हणाली अहो सरका की पुढं.

साफच केलं नव्हतं मी! आधी 4.8 नं केलेली बांधणी फोल्डरमध्ये तशीच पडलेली, तिच्या मॉड्यूल फाईली उखळाला चिकटून बसल्यासारख्या बसलेल्या, आणि मी वरनं 9 ची मिरची ओततोय. ‘मेक क्लीन’ एवढी एक कमांड. पंधरा वर्षांचा अनुभव आहे मला, लिंक्डइनवर तसं लिहिलंय. कमांड मारली, परत बिल्ड लावलं, चटणी गरम गरम डब्यात येईपर्यंत आजोबा पास झाले. काकूंना मी वीस रुपये जास्त देत होतो, त्यांनी घेतले नाहीत, कशाचे म्हणून विचारलं तर मला सांगता येईना.

घरी आल्यावर लाईट गेली, ते सोडा. इन्व्हर्टर आहे, पण कीबोर्डमध्ये चटणी गेली होती, चुकून डोळ्याला हात लावला आणि पुढचा पाऊण तास बेसिनपाशी. आईनं दुधाचा बोळा दिला आणि विचारलं, ऑफिसचं काम असं असतं का रे?

रविवारी फक्त ओळ 47 राहिली. बाकी सगळं बसलेलं, एक मोठी सामाईक फाईल आणि प्रत्येक मशीनला आपली एक छोटी, व्हर्जन बघून फ्लॅग लावायची नवी ओळ, जिला 10 म्हणजे दहाच कळतं. म्हणलं आता ही 47 ची भानगड मिटवूनच टाकू. जुना इतिहास काढला, कुणी कुठली ओळ कधी टाकली ते सगळं साठवलेलं असतं. ओळ टाकली 2014 च्या जुलैमध्ये. टाकणारा मी.

मी! कमेंटपण माझीच. का ते विचारू नये, हे मी मलाच लिहिलेलं. जुन्या मेल धुंडाळल्यावर हळूहळू आठवलं. तेव्हा ऑफिसात एक 32 बिटचं मशीन होतं. असल्या जुन्या मशीनवर आकडेमोड आतल्या आत 80 बिटांत चालायची आणि बाहेर मेमरीत ठेवताना 64 ची व्हायची, त्यामुळं कंपायलरनं मधला आकडा कुठं ठेवला त्यावरनं शेवटच्या दशांशात उत्तर हलायचं. नदीची पातळी एकदा अशी यायची, एकदा तशी. हा फ्लॅग आकडा प्रत्येक वेळी मेमरीत ठेवायला लावतो, मग उत्तर हलत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. ते मशीन 2017 ला भंगारात गेलं. आताच्या चारही मशीन 64 बिटच्या, तिथं हे गणित वेगळ्या पद्धतीनं चालतं, हा आजार तिथं नाहीच. म्हणजे आठ वर्षं आम्ही मेलेल्या मशीनचं औषध जिवंत मशीनांना पाजतोय.

काढली ओळ. चारही मशीनवर बिल्ड केलं, मेक क्लीन करून, आता विसरतोय होय. मग जुन्या एका पुराचा आकडा घातला आणि उत्तर जुन्या उत्तराशी ताडून बघितलं. आजोबा, शेवटच्या दशांशापर्यंत सेम. थोरला, सेम. मधला, सेम. बारका, सेम, आणि वर रन लवकर संपलेला. रात्रीचे अकरा. ओळीची काही गरज नाही हे सिद्ध झालेलं, कागदावर, चार वेळा.

मी पाच मिनिटं तसाच बसलो. पंखा फिरत होता. सोमवारी रिलीज. पावसाळा दोन महिन्यांवर. समजा उद्या कुठंतरी अर्धा फूट इकडचा तिकडं झाला, तर पहिला प्रश्न येणार की 47 नंबरची ओळ कुणी काढली. मी ओळ परत टाकली. कमेंटमध्ये खाली भर घातली, "तपासलं, गरज नाही. तरी असू दे."

झोपताना बायकोनं विचारलं झालं का एकच कॉन्फिग. मी म्हणलं झालं. मग मोजल्यावर लक्षात आलं की एक मोठी, चार छोट्या, म्हणजे पाच, आणि जुन्या बारा मी काढल्या नाहीत, ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात, लागल्या तर असाव्यात म्हणून. सतरा. तिला सांगितलं नाही. साहेबांनापण नाही, त्यांना मेलमध्ये ‘युनिफाईड’ असं लिहिलं, ते खूश झाले, आणि बारक्याच्या क्लायंटला मशीन बदलायचंय, त्यात जीसीसी 15 असणार म्हणून कळवलं. 14 नं सीच्या कोडमधल्या बऱ्याच आळशी सवयी एररमध्ये काढल्यात आणि 15 नं तर भाषेचं डिफॉल्टच बदलून 2023 चं केलंय. ते बघू दिवाळीनंतर.

बुधवारी कराडहून ताईचा फोन. तिला दरवर्षी दोन किलो चटणी जाते, याच उखळातली, याच डब्यातली. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी लसूण सोलत बसलेलो.

"आई, यंदा चटणी जरा वेगळीच लागतीया गं. तिखट कमी आणि मागनं कडवट. हे पण म्हणाले. हिंग जास्त पडला का?"

आईनं चमचा घेतला, बरणीतली चिमूटभर तळहातावर घेऊन चाखली, मला पण जिभेवर ठेवायला लावली, आणि फोनच्या जवळ जाऊन शांतपणे म्हणाली,

"आमच्याकडं तर बरोबर लागतीया."